शिशाची सबब

कॉलेजात असताना मी आणि माझी एक मैत्रीण, आम्ही दोघींनी मिळून पत्र्याचं एक कासव बनवलं होतं. चालणारं कासव. भिंतीला धडकलं की थबकायचं, थोडं मागं यायचं, तोंड वळवायचं आणि दुसऱ्या वाटेनं निघायचं. आता घरात हा विषय निघाला की नातवंडं "म्हणजे रोबॉटच की!" म्हणतात आणि माझ्याकडे कौतुकानं बघत बसतात. मी उठून आत जाते. लोकांची आपल्या हातचं काही आठवलं की छाती फुगते. मला ते कासव आठवलं की आमच्या घराची मागची पडवी आठवते आणि कान गरम होतात. या वयातसुद्धा.

साठ साल उलटून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. आमचं घर चामराजपेटेत. आम्ही बंगळूरचे मराठी म्हणजे इतके जुने, की पुण्याच्या पाहुण्या आमची भाषा ऐकून पदर तोंडाला लावून हसायच्या. थोडं म्हणजे आमच्यात स्वल्प. बरं म्हणजे सरी. मैत्रिणीला गं म्हणायचं तिथं कणे. सोवळ्यालाही आम्ही सोवळं म्हणत नव्हतो, शेजारच्या कन्नड घरांसारखं मडी म्हणायचो. आईची मडी कडक. आंघोळ करून, उंच दांडीवर वाळत घातलेली साडी काठीनं काढून नेसली, की स्वयंपाक आणि जेवणं उरकेपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. पोटच्या पोरीनंही नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया दुपारपर्यंत अशा हात न लावता येणाऱ्या असतात.

मी मुलींच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होते, विषय फिजिक्स. फिजिक्सच्या मिस म्हणजे एक वल्लीच होत्या. विज्ञान प्रदर्शनाला तीन-चार महिने असतानाच त्या वर्गात म्हणाल्या, "दरवर्षी तुमचे ते रंगीत तक्ते बघून मला झोप येते. यंदा काहीतरी हललं पाहिजे, आपणहून." आम्ही चौघींनी हात वर केले. पहिल्याच दिवशी एकीनं वितळलेल्या शिशानं तारा जोडायचं ते सोल्डरिंग आयर्न भलत्या टोकाला धरलं, किंचाळत बाहेर गेली आणि पुन्हा त्या टेबलाजवळ फिरकली नाही. दुसरीला पाहायला मुलगा यायचा होता, बोटांवर फोड दिसले तर काय घ्या, म्हणून घरच्यांनी तिला काढून घेतलं. उरलो आम्ही दोघी.

ही मैत्रीण के. आर. पुरमहून आगगाडीनं यायची. उंच, कमी बोलणारी, आणि हात असा स्थिर की बघत राहावं. मी तारा जोडल्या की तो सांधा शेंबडासारखा लोंबायचा. ती जोडायची तो गुळगुळीत आणि चकचकीत. मी चिडून आयर्न आपटायचे, ती शांतपणे ते उचलून ओल्या फडक्यावर पुसून जागेवर ठेवायची. तिच्याशी भांडताच यायचं नाही, याचाच मला अर्धा राग.

कॉलेजची प्रयोगशाळा चार वाजता बंद व्हायची. शिपाई किल्ल्या खुळखुळवत दारात उभाच. तिच्या घरी तेव्हा वीज नव्हती. माझं घर कॉलेजपासून चालत जाण्यासारखं. मी बिनधास्त म्हणाले, "आमच्याकडे चल की, त्यात काय!" बोलून झाल्यावर विचार करायचा ही माझी खोड तेव्हापासूनची.

आईनं तिला दारातच विचारलं, "अप्पा काय करतात गे तुझे?" आमच्याकडे जात अशी विचारायची पद्धत. तोंडानं कुणी जातीचं नाव काढायचं नाही, ते असंस्कृत दिसतं. अप्पा काय करतात, घर कुठल्या गल्लीत, कुलदेव कोणता, एवढ्यावर भागायचं. मैत्रिणीनं सरळ सांगितलं, "चामड्याच्या कारखान्यात आहेत, अम्मा." आई म्हणाली, "सरी." मग जरा थांबून म्हणाली, "मागच्या पडवीत बसा दोघी. तिकडं वारा चांगला असतो."

त्या "सरी"त काय होतं ते मला त्याच क्षणी कळलं. मी काही कुक्कुलं बाळ नव्हते.

आम्ही पडवीत बसलो. आईनं कॉफी आणली. माझी नेहमीच्या पितळी लोट्यात, इकडे पेल्यालाच लोटा म्हणतात. तिच्यासाठी काचेचा एक पेला, जो मी कधी घरात वापरात बघितला नव्हता. आधी आईनं तांब्या घेतला, म्हणाली, "हात पुढं कर बाळ," आणि तिच्या ओंजळीवर वरून पाणी ओतलं. पाण्याची धार हातभर लांब. मग पेला जमिनीवर ठेवून त्यात वरूनच कॉफी ओतली. पिऊन झाल्यावर म्हणाली, "धुऊन त्या कोनाड्यात पालथा घाल हं." मैत्रिणीनं धुतला, पालथा घातला. मी लोटा तिथंच टाकून दिला होता, तो आईनं उचलून आत नेला.

आणि हे करणारी बाई दुष्ट होती म्हणावं, तर तेही नाही. माझ्या आईनं त्या मुलीला जितक्या मायेनं खाऊ घातलं तितकं मलाही घातलं नसेल. "किती बारीक झालीय पोर, गाडीचा प्रवास रोजचा," म्हणत तिच्या पानावर डोसा पडायचा तो माझ्यापेक्षा मोठा आणि तुपानं निथळणारा. पान केळीचं, म्हणजे खाऊन झाल्यावर टाकून देता येतं. माया खरी आणि धारही खरी. मला दोन्ही बघून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण मी तोंड उघडलं नाही. एरवी माझं तोंड बंद ठेवायला घरातल्यांना नवस बोलावे लागत.

काम मात्र जोरात चाललं. कब्बनपेटेकडच्या भंगारवाल्याकडून, इकडे त्याला गुजरी म्हणतात, आम्ही लष्करातून निघालेल्या विजेच्या छोट्या मोटारी आणल्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याची पाठ केली. आयर्नची वायर दिव्याच्या होल्डरला लावायची, म्हणून संध्याकाळ झाली की अंधारात तरी बसा नाहीतर काम तरी थांबवा. आई त्या आयर्नला "इस्तरी" म्हणायची. आम्ही आयर्न म्हणतो, मग इस्तरीच की! "इतकीशी इस्तरी, हिनं काय रुमालाची घडी करणार?" म्हणून स्वतःच हसायची. सोल्डरमधल्या राळेचा धूर झाला की दारातून खोकत ओरडायची, "अय्यो, देवघरात ऊद कमी आणि इथं जास्त!"

एक दिवस मी नवी नायलॉनची दावणी नेसून बसले. परकरावर घ्यायच्या ओढणीला इकडे दावणी म्हणतात. नायलॉन तेव्हा नुकतं आलं होतं आणि मला मिरवायची कोण हौस! शिशाचा एक थेंब उडाला आणि दावणीला वाटाण्याएवढं भोक पडलं, कडा वितळून मांडीला चिकटल्या. मी बोंब ठोकली. मैत्रिणीनं आधी दिव्याच्या होल्डरमधून वायर काढली, मग माझ्या मांडीवर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी मी लंगडत कॉलेजात गेले तेव्हा मिसनी बातमी काढलीच आणि भर वर्गात आमची शाळा घेतली.

"शेवटचं सांगतेय," त्या म्हणाल्या. "सुती कपडे घालायचे. वेणी बांधून वर घ्यायची, पदर खोचायचा. तारेचे तुकडे कापताना डोळ्यांवर चष्मा. आयर्न ठेवायला जड स्टँड पाहिजे, पुस्तकावर ठेवलेलं मला दिसलं तर याद राखा. आणि सोल्डरमध्ये शिसं असतं. शिसं हे विष आहे, ते हाताला लागतं आणि हातातून पोटात जातं. म्हणून घरात करायचं नाही, उघड्या जागी, वाऱ्याला बसायचं. खाण्यापिण्याआधी हात धुवायचे. त्या हातांनी पाण्याच्या घागरीला, नळाला शिवायचं नाही, दुसऱ्याला पाणी ओतायला सांगायचं. प्यायचा पेला वेगळा ठेवायचा, तो स्वयंपाकघरातल्या भांड्यांत मिसळायचा नाही."

मी बाकावर बसल्या बसल्या गार पडले. उघड्या जागी बसायचं. वरून पाणी ओतायचं. पेला वेगळा. आमच्या पडवीतलं एकेक त्या बाई जणू समोर उभं राहून बघत बोलत होत्या. फक्त आमच्याकडे ते शिशासाठी नव्हतं.

मैत्रीण माझ्याकडे वळली. तिचे डोळे हसत होते. "बघ," ती हळूच म्हणाली, "तुझ्या अम्माला हे सगळं आधीपासून ठाऊक आहे!"

मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. मी मान डोलावली. वर म्हणाले, "आई फार काळजी घेते." माझी जीभ झडली नाही ती नाहीच.

त्या दिवसापासून मला एकच घोर लागला. हिला जर खरंच असं वाटत असेल, तर हिनं एक दिवस विचारू नये, की शिसं काय माझ्याच हाताला लागतं? तू कुठं हात धुतेस? तू तर आतल्या लोट्यात पितेस! म्हणून संध्याकाळी आई तांब्या घेऊन आली तेव्हा मीही ओंजळ पुढं केली. आई बघतच राहिली. "तुला गे कशाला? तू काय पाहुणी आहेस?" मी म्हटलं, "ओत. आणि मलाही काचेच्या पेल्यातच दे." आईला वाटलं, पोरीला काहीतरी नवं खूळ लागलंय. तिनं ओतलं. धार मात्र माझ्या हातावर आखूड असायची, तांब्या जवळजवळ ओंजळीला टेकलेला, आणि मैत्रिणीच्या हातावर लांब. हे सुधार असं मी आईला कुठल्या तोंडानं सांगणार?

असे दिवस गेले. कासव चालायला लागलं, आधी सरळ, मग धडकून थांबायला, मग मागं येऊन वळायला. कन्नडात कासवाला आमे म्हणतात, आमचं "आमे" पडवीच्या खांबाला धडकून वळलं तेव्हा आम्ही दोघी एकमेकींना मिठी मारून नाचलो. आई दारात होती. तिनं ती मिठी बघितली आणि मला म्हणाली, "आत येण्याआधी साडी बदल हं." मी साडी बदलली. मैत्रीण पेला पालथा घालत होती, तिची पाठ आमच्याकडे होती. पण ती काही बहिरी नव्हती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी तिला स्टेशनपर्यंत सोडायला गेले. ती वाटेत म्हणाली, "उद्या माझी आई येतेय."

"बरं झालं की."

"तुझी अम्माही येणार ना?" ती थांबली. "तुझ्या अम्मानं तिच्याशी स्वल्प जपून बोलायला हवं कणे. मी आईला सांगितलंय, की शिशामुळं आम्हाला बाहेर बसवतात. पाणी ओततात ते शिशामुळं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला काय डोळे नाहीत?" ती अगदी साधेपणानं म्हणाली. "माझ्या घरी नियम आहे, जिथं बाहेर बसवतात तिथं परत पाऊल ठेवायचं नाही. आई म्हणते, आम्ही भोगलं तेवढं पुरे. पहिल्या दिवशी घरी गेले तर तिनं विचारलं, कुठं बसलात? मी म्हटलं, मागं. तिचं तोंड असं उतरलं, की मी पटकन म्हणून गेले, शिसं असतं ना, विषारी, म्हणून. नंतर मिसनी वर्गात तेच सगळं सांगितलं, तेव्हा मला हसूच फुटलं. म्हटलं, चला, खोटं तरी राहिलं नाही."

"मग मला का म्हणालीस, अम्माला आधीच ठाऊक आहे म्हणून?"

"तुझं तोंड बघवत नव्हतं."

मला रस्त्यातच रडू फुटलं. ती वैतागली. "रडू नकोस, गाडी चुकेल माझी. ऐक. आई रागावेल याची मला भीती नाही. पण तिनं आमच्या सगळ्या गल्लीत सांगितलंय, ब्राह्मणाच्या घरची बाई माझ्या मुलीच्या हातांवर स्वतः पाणी ओतते, लेकीसारखं. तिला फार अप्रूप आहे त्याचं. ते तेवढं मोडू देऊ नकोस."

घरी आले ती पेटूनच. आई वाती वळत बसली होती. मी दारातूनच सुरू झाले. इतके महिने गिळलेलं सगळं बाहेर पडलं. तुझी मडी, तुझी ती हातभर धार, तो मेला पेला. "उद्या तिची आई येतेय," मी ओरडले. "तिनं विचारलं तर सांगायचं, हे सगळं शिशासाठी होतं. समजलं?"

आईनं वाती खाली ठेवल्या. "मी खोटं बोलू?"

"मी इतके महिने बोलतेच आहे, तुझ्यापायी!"

"मी काय वाईट केलं गे तिचं? उपाशी पाठवलं का एक दिवस? तिला वाकडा शब्द बोलले?" तिला खरंच कळत नव्हतं, आणि त्यामुळं मी जास्तच भडकले. "माझ्या सासूनं मला शिकवलं ते मी केलं. त्यात लपवायचं काय? आणि लपवायचंच असेल तर मी येतच नाही उद्या. तुझी तू जा."

"नको येऊस!" मी म्हटलं. तेवढ्यात माझे वडील, अण्णा, कचेरीतून आले आणि आईनं वाती उचलल्या.

प्रदर्शनाला कॉलेजच्या हॉलमध्ये ही गर्दी. मैत्रिणीची आई लवकरच आली. ठेंगणी, हसरी बाई, नवी कोरी इळकल साडी, हातात चकल्यांचा डबा. लेकीच्या कासवाभोवती माणसं जमलेली बघून तिचा चेहरा असा फुलला होता की मला तिच्याकडे बघता येईना. माझी आई कुठं दिसत नव्हती. मी मनात म्हटलं, सुटलो.

कासव दोनदा छान वळलं आणि तिसऱ्यांदा खुर्चीच्या पायाशी जाऊन मेल्यासारखं पडलं. मोटारीची तार सुटली होती. सांधा कुणाचा हे काय सांगायला हवं? माझाच. मिस म्हणाल्या, "घाबरू नका, सगळ्यांसमोर दुरुस्त करा." मी तार धरली, मैत्रिणीनं आयर्न तापवून शिशाची तार टेकवली. राळेचा धूर झाला, माझी बोटं काळी झाली. कासव उठलं, चाललं, वळलं. टाळ्या पडल्या. मला इतकं हलकं वाटलं, की मैत्रिणीच्या आईनं "घे मगळे", म्हणजे घे पोरी, म्हणून डबा पुढं केला तेव्हा मी त्यातली चकली उचलली आणि सरळ तोंडात घातली.

"अय्यो! हात?" ती बाई म्हणाली.

मी चावायची थांबले.

"शिसं लागलंय ना हाताला? तुझी अम्मा तर पाणी ओतल्याशिवाय कॉफीसुद्धा देत नाही म्हणे." ती हसत बोलत होती. मग तिचं हसू जरा थांबलं. तिनं माझ्या काळ्या बोटांकडे बघितलं, मग लेकीकडे, मग परत माझ्याकडे. "तुला घरी सवय नाही का गं हात धुवायची?" तिनं सावकाश विचारलं.

मैत्रीण खाली बघत होती. माझ्या तोंडात चकली, डोकं रिकामं. आता सगळं गेलं, एवढंच कळत होतं.

"थुंक! थुंक आधी ते!"

मागून आईचा आवाज आला, कन्नडमधून, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा. ती कधी येऊन उभी राहिली होती देव जाणे. तिनं मिसच्या टेबलावरचा पाण्याचा जग उचलला, मला दंडाला धरून बाहेरच्या व्हरांड्यात ओढलं, मैत्रिणीलाही "तूही ये" म्हणाली. तिची आई डबा घेऊन मागोमाग आली.

"घरी मी डोळ्यांत तेल घालून उभी असते," आई माझ्या हातावर पाणी ओतत कडाडली, "आणि नजर चुकली की ही अशी! किती वेळा सांगितलं, शिसं वाईट, शिसं पोटात जातं." मग ती मैत्रिणीच्या आईकडे वळली. "अहो, म्हणून तर पोरींना मागं वाऱ्याला बसवते. पेलेही वेगळे ठेवलेत. दोघींचेही. तुमची लेक शहाणी, सांगितलं की ऐकते. हीच एक हट्टी." आणि मैत्रिणीच्या हातांवर पाणी ओतताना तिनं जग खाली आणला, डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि अंगठ्यानं तिच्या बोटांवरची राळ घासून काढली.

मैत्रिणीच्या आईनं डबा खाली ठेवला. आईचे ते ओले हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि डोळ्यांना लावले. "आईनं करावं तसं केलंत," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला खरं काय ते कळलं होतं की नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आईनं हात काढून घेतले नाहीत. ताठ उभी राहिली, फोटो काढताना राहतात तशी.

मग त्या बाईनं तिच्यापुढं डबा धरला. आईनं एक चकली घेतली. "आज उपास आहे," ती म्हणाली, "घरी नेते हं, उद्या खाईन." आणि ती पदराच्या टोकाला बांधली. त्या दिवशी कसलाही उपास नव्हता.

घरी येईपर्यंत आई माझ्यापुढं चार पावलं चालत राहिली. मला वाटत होतं, आता काहीतरी बदललं. आता ही सरळ आत जाईल, चूल पेटवेल. ती मागच्या पायरीवर बसली, हात मांडीवर उताणे ठेवून, कशाला न लावता. बराच वेळ बसली. मग उठली, मला म्हणाली, "दांडीवरची साडी काठीनं काढून ठेव." न्हाणीघरात पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला.

मला संताप आवरेना. ती बाहेर आली, स्वयंपाक केला, आम्हाला वाढलं, स्वतःचं पान मांडून बसली. अण्णा उठून गेल्यावर मी म्हणाले, "झाली का एकदाची मडी?"

तिनं अजून पहिला घास उचलला नव्हता. "आंघोळ केली नसती तर घास उतरला नसता," ती म्हणाली. "केली, तरी उतरत नाहीये. तू शिकलेली आहेस. तूच सांग, मी काय करू?"

ती न जेवता उठली. आंघोळीला जाण्याआधी पदरातून सोडलेली चकली तिनं कोनाड्यात ठेवली होती. ती मी पायरीवर बसून खाल्ली. चांगली झाली होती.

आमच्या कासवाला बक्षीस मिळालं आणि मिसनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. परीक्षा आल्या, गेल्या. मैत्रीण वर्गात शेजारीच बसायची, आम्ही हसायचो, बोलायचो, पण संध्याकाळी ती स्टेशनकडे वळायची आणि मी घराकडे. "चल की आमच्याकडे" हे शब्द माझ्या ओठांवर यायचे आणि तिथंच विरायचे. पडवीत बसायला आता कारण उरलं नव्हतं. आणि आत बसवायचं, तर आईला आधी सांगायला हवं होतं. मी रोज उद्यावर ढकलायचे. आई अधूनमधून विचारायची, "ती पोर येत नाही गे हल्ली? बरी आहे ना?" मी म्हणायचे, अभ्यास आहे.

मग एकदा जिन्यात मैत्रीण म्हणाली, "तुझ्या अम्माचे डोसे फार आठवतात कणे."

"ये ना मग," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण कसं म्हटलं ते तिला ऐकू गेलंच असणार.

ती माझ्या पाठीवर थाप मारून हसली. "नुसतं कसं येऊ? काहीतरी सोल्डरचं काम काढ, म्हणजे मला येता येईल."

मी "काढते हं" म्हणाले, आणि तासाला उशीर होतोय असं सांगून निघाले. तास सुरू व्हायला अजून बराच वेळ होता.